कानाला तालुका नसतो

"रॉक? तेही केदारखेड्यात?"

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडावर एक ठरावीक हसू असतं. लग्नात भेटलेला पुण्याचा पाहुणा विचारतो, जालन्याला राहायला गेलेला नातेवाईक विचारतो आणि वाईट याचं वाटतं की आपल्याच गल्लीतली माणसंही विचारतात. म्हणून एकदाचं उत्तर देऊन टाकतो. हो, रॉक. हो, केदारखेड्यात. तालुका भोकरदन, जिल्हा जालना, पूर्णेचा काठ. इथल्या एका माणसाचा सगळ्यात लाडका अल्बम दिल्लीच्या चौघांनी केलेला आहे, त्याचं नाव 'कंदिसा', आणि तो ऐकताना त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं. तो माणूस मी. यात लाजण्यासारखं काही नाही आणि हसण्यासारखं तर अजिबात नाही.

मला राग येतो तो त्या हसण्यामागच्या वाटणीचा. कुणीतरी कधीतरी बसून कानांची वाटणी करून टाकली आहे. खेड्याला डीजे. तालुक्याला ऑर्केस्ट्रा. जिल्ह्याला सिनेमातली गाणी. इलेक्ट्रिक गिटार ऐकून ज्याच्या आत काही हलतं तो मुंबई-पुण्याचा. केदारखेड्याच्या पोरानं कपाशीला खत टाकताना कानात काय घालायचं, हे जणू सातबाऱ्यावरच नोंदवलेलं आहे.

भोकरदन तालुक्याला हे ऐकवणं म्हणजे तर कमालच. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची जी नावं कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनची माणसं आहेत. इटलीतल्या पाँपेई शहराच्या राखेतून १९३८ साली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. ज्वालामुखीनं ते शहर इसवी सन ७९ मध्ये गाडलं, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथं पोचलेली होती. पुढे भोकरदनच्या उत्खननात तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती सापडली, आणि पाँपेईची ती मूर्ती आपल्या भागात घडली असावी असं मानणारे अभ्यासक आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी इथली कलाकुसर समुद्रापलीकडे रोमन माणसाच्या घरात जाऊन बसली असेल, तर आज दिल्लीचा आवाज आम्हाला लांबचा कसा? पिंपळगाव रेणुकाईची हिरवी मिरची ट्रक भरभरून परमुलखात जाते तेव्हा कुणी हसत नाही. आपला माल बाहेर गेलेला चालतो. बाहेरचा सूर आत आला की मात्र लोकांना हसू फुटतं.

आता मुद्द्याचं. बँडचं नाव 'इंडियन ओशन'. सुश्मित सेन गिटारवर, असीम चक्रवर्ती तबला वाजवत गाणारे, राहुल राम बेस गिटार आणि गळा, अमित किलाम ड्रमवर. 'कंदिसा' आला २००० साली. सगळी मिळून सात गाणी. त्यामागे सिनेमा नाही, नट-नटी नाहीत, पडद्यावर नाचणारं कुणी नाही. त्याला रॉक म्हणा, फ्युजन म्हणा, दुकानाला कप्पा लागतो म्हणून काहीही म्हणा. गिटार एखाद्या गवयासारखी एकाच स्वरावर रेंगाळते, मग तबला तिला हळूच पुढे ढकलतो, आणि ड्रम आल्यावर सगळं घर भरून जातं. किलाम गाबगुबीही वाजवतो. गाबगुबी हे बंगालच्या बाउलांचं वाद्य, काखेत धरून तार ताणत छेडायचं, आपल्या चौंडक्याच्या कुळातलं. देवीच्या जागरणात चौंडकं ऐकत जो वाढला, त्याला या आवाजाची ओळख करून द्यावी लागत नाही.

मी हा अल्बम पहिल्यांदा ऐकला तो तेव्हाच्या औरंगाबादेत, होस्टेलवर, मित्राच्या कॉम्प्युटरवर, कुठूनतरी कॉपी करून आणलेल्या सीडीवरून. 'माँ रेवा' लागलं आणि खोलीतली बडबड थांबली. त्या गाण्यामागची हकिगत तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हती. तरी ते लागलं. पुढे हकिगत कळली, आणि तेव्हापासून ते गाणं आधीइतक्या सहजपणे ऐकताच येत नाही.

ती हकिगत अशी. रेवा म्हणजे नर्मदा. राहुल राम हा अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात पर्यावरणातल्या विषारी द्रव्यांवर पीएच.डी. करून परत आलेला माणूस. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो नर्मदा बचाओ आंदोलनात, म्हणजे सरदार सरोवर धरणाविरुद्धच्या लढ्यात, काम करत होता. खोऱ्यात हिंडताना तिथली गाणी त्याच्या कानावर पडली. 'माँ रेवा' हे तिथलंच गाणं, तिथल्याच बोलीतलं. त्यानं ते आपल्या बँडकडे नेलं.

गंमत बघा, या गाण्यात धरणाचं नावही नाही. मोर्चा नाही, सरकार नाही, घोषणा नाही. आहे ते फक्त नदीचं कौतुक. पाणी किती निर्मळ, ते कसं खळाळत जातं, नदी कुठून निघते, तिची सेवा केली की काय मिळतं. आपल्या बायाबापड्यांनी गोदावरीला ओवीत जसं आळवावं, तसं साधं, देवाघरचं गाणं. रडवतं ते नेमकं हेच. वाहत्या पाण्याचं कौतुक ज्या माणसांनी गायलं, त्यांच्या दारातलं पाणी वाहायचं थांबणार होतं, आणि ते त्यांना माहीत होतं. आज सरदार सरोवराचा फुगवटा दोनशे किलोमीटरहून लांब पसरलेला आहे. गाण्यातली नदी मात्र अजून वाहते. राहुल राम ते भरदार गळ्यानं, आनंदानं गातो. दुःखी चाल लावून गायलं असतं तर मी एकदा हळहळलो असतो आणि विसरून गेलो असतो. त्या आनंदानं माझी सुटका होत नाही.

कुणी म्हणेल, नर्मदा मध्य प्रदेशाची, धरण गुजरातचं, आपला काय संबंध? संबंध हद्दीचा आहे. काही अंतर नर्मदा महाराष्ट्राची हद्द आखत जाते. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं या धरणाच्या पाण्याखाली यायची होती. मणिबेली त्यांतलं पहिलं. तिथलं शूलपाणेश्वराचं पुरातन देऊळ पाण्यात गेलं. आपल्याकडे घरोघरी जगन्नाथ कुंटे यांचं नर्मदा परिक्रमेवरचं पुस्तक 'नर्मदे हर हर' वाचलं जातं. परिक्रमा करून आलेल्या माणसाच्या पाया पडायला गाव लोटतं. शूलपाणीच्या झाडीत यात्रेकरूला लुटणारे भिल्ल सगळ्यांना तोंडपाठ असतात. त्याच भिल्ल-पावऱ्यांची शेतं, घरं आणि थडगी कुठं गेली, हे विचारणारा माणूस परिक्रमेच्या गप्पांत मला अजून भेटायचा आहे. नदीला हात जोडायचे आणि नदीकाठच्या माणसाकडे पाठ फिरवायची, ही भक्ती मला मान्य नाही.

'कंदिसा' बाजारात आला त्याच वर्षी, १८ ऑक्टोबर २००० ला, सर्वोच्च न्यायालयानं धरणाचं काम पुढे न्यायला परवानगी दिली. २०१७ च्या सप्टेंबरात १३८.६८ मीटर उंचीचं पूर्ण धरण देशाला अर्पण झालं. निकाल लागला, भिंत उभी राहिली, भाषणं झाली. आणि एका रॉक बँडच्या अल्बममध्ये तेवढं एक खळाळतं पाणी शिल्लक राहिलं.

मी धरणांच्या विरोधात बोलत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरमागे हंडा घेऊन पळालेल्या जिल्ह्याला पाण्याचं मोल कुणी शिकवू नये. जालना शहराच्या नळाला येणारं पाणी पैठणहून, जायकवाडीतून येतं. १९६५ ला पायाभरणी झालेलं आणि १९७६ ला देशाला अर्पण झालेलं धरण. नाथसागर हे त्याचं गोड नाव. त्या सागरासाठी शंभराहून अधिक गावांना झळ बसली. आम्ही नळ सोडतो तेव्हा ती गावं आठवत नाहीत. 'माँ रेवा' ऐकताना मला ती आठवतात. दिल्लीच्या बँडनं गायलेलं, नर्मदेवरचं गाणं मला पैठणच्या बुडालेल्या गावांपर्यंत नेऊन सोडतं. हे काम आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्या पुढाऱ्याच्या भाषणानं, कुठल्या पाठ्यपुस्तकानं केलं असेल तर मला दाखवा.

आणि आमची पूर्णा? अजिंठ्याच्या डोंगरात निघते, केदारखेड्यावरून जाते, पुढे तिच्याच पाण्यावर संत चोखासागर, येलदरी, सिद्धेश्वर अशी धरणं भरतात आणि शेवटी ती गोदावरीला मिळते. एवढं देणारी ही नदी. तिच्यातली वाळू कोण किती नेतो याची चर्चा पानटपरीवर रोज होते. तिच्यावर कुणी गाणं केलेलं मी ऐकलेलं नाही. नर्मदेच्या खोऱ्यातल्या माणसांकडे निदान नदीसाठी गाणं होतं. आमच्याकडे ट्रॅक्टरच्या फेऱ्यांचा हिशेब आहे.

ज्या गाण्यावरून अल्बमला नाव मिळालं त्या 'कंदिसा'कडे येतो. ही केरळच्या सिरियन ख्रिस्ती लोकांची प्रार्थना. भाषा अरमाईक. येशू ख्रिस्त ज्या भाषेत बोलत असे असं मानतात, ती. अख्ख्या भोकरदन तालुक्यात हिच्यातला एक शब्द कळणारा माणूस सापडायचा नाही. शहाणे लोक इथंच मला अडवतात. "शब्द कळत नाहीत, मग रडता कशाला?"

कशाला, ते सांगतो. सप्ताहातलं कीर्तन ऐका. सुरुवातीला लय ठाय असते. वीणा छेडलेली, टाळ हळू, पखवाज एकेक ठोका मोजून. एकच चरण पुन्हा पुन्हा. मग तोच चरण थोडा वर उचलला जातो. टाळकरी पुढे-मागे होऊ लागतात. पखवाज भरून येतो. गजर चढत जातो, आणि एका जागी येऊन शब्द काय आहेत याचा पत्ताच राहत नाही. उरतो तो सूर आणि शंभर गळे. 'कंदिसा'ची बांधणी हीच आहे. सुरुवातीला गळे संथ, जवळजवळ उभे. तीच ओळ परत. मग गिटार वाट काढते. मग तबला, मग ड्रम. आणि शेवटाकडे गळे असे सुटतात की माणूस बसल्या जागी ताठ होतो. लहानपणापासून ज्यानं काल्याचं कीर्तन ऐकलंय त्याच्या कानाला ही चढण पाठ आहे. केदारखेड्याचा कान या गाण्यासाठी अडाणी नाही. उलट तो तयार होऊन बसलेला आहे.

मी याची परीक्षाही घेतली. सप्ताहात पखवाज वाजवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं अशा गावातल्या एका बाबांना हेडफोन लावून दिला. काय आहे, कुणाचं आहे, काही सांगितलं नाही. ते डोळे मिटून ऐकत राहिले. बोटं मांडीवर चालूच. संपल्यावर हेडफोन काढून म्हणाले, "कोण्या गावची दिंडी आहे रे ही?"

"दिंडी नाही, बाबा. केरळातल्या ख्रिस्ती लोकांची प्रार्थना आहे. दिल्लीची पोरं गातात."

"असंना का. गडबड नाही केली त्यांनी. हळूहळू चढवत नेलं. परत लाव बरं."

या अल्बमवर इंग्रजीत बरंच छापून आलेलं आहे. मला हा निकाल पुरेसा आहे.

काही जणांना गिटारचीच अडचण असते. परक्यांचं वाद्य, म्हणतात. ज्या पेटीशिवाय आमचं एक भजन उभं राहत नाही ती पेटी कुठली? हार्मोनियम युरोपातून आली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी एकोणिसाव्या शतकात तिला मांडी घालून, एका हातानं भाता मारत वाजवण्याजोगं रूप दिलं. आणि हीच पेटी भारतीय संगीताला शोभत नाही म्हणून १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर बंद होती. आज तिला परकी म्हणून दाखवा बघू एखाद्या भजनी मंडळात. उठवून लावतील. गिटारलाही तेवढा वेळ द्या.

दुसरी जमात शहरातली. यांना रॉक आवडतं त्यापेक्षा आपल्याला रॉक आवडतं हे जास्त आवडतं. टी-शर्टावर बँडचं नाव हवं, पण तो बँड जालन्याच्या बसस्टँडवर कुणी ऐकताना दिसला की यांचा रस संपतो. यांना मी एकच विचारतो. याच अल्बममधलं 'हिल्ले रे' तुम्ही मैफलीत हात वर करून गाता. ते शब्द गोरख पांडे यांचे. भोजपुरी. नांगर धरणाऱ्यांच्या, मजुरांच्या बाजूनं लिहिणारा तो कवी. ते गाणं कुणासाठी लिहिलं गेलं होतं? तिकीट काढून आलेल्यांसाठी की कपाशी वेचणाऱ्यांसाठी? ते त्याच्या खऱ्या मालकाकडे पोचलं तर तुमचं काय जातं?

आता थोडं अवघड बोलतो. आमच्याकडच्या पुरुषाला रडायला जागा किती आहेत? लेकीची पाठवणी. घरातलं मरण. फार तर कीर्तनात, तेही उपरण्यानं तोंड झाकून. बाकी सगळं गिळायचं. मक्यावर लष्करी अळी पडली, गिळायचं. कापूस घरात पडून राहिला, गिळायचं. बँकेचा माणूस दारात आला, शेजाऱ्यानं पाहिलं, गिळायचं. पोरगं भरतीत नापास होऊन आलं की बाप त्याच्याशी बोलत नाही, कारण काय बोलावं हे त्या बापाला त्याच्या बापानं शिकवलेलं नाही. मराठवाड्यातली घरं अशी गप्प बसून काय किंमत मोजतात हे मी आकड्यांत मांडणार नाही. ज्या गावात असं घर नाही असं एक गाव मला माहीत नाही.

गाण्यानं कर्ज फिटत नाही. पाऊस पडत नाही. पण आत अडकलेलं मोकळं व्हायला काहीतरी लागतं, आणि ते कारण कुणाला सांगावं न लागणारं असलं तर फार बरं. 'कंदिसा'मधलं 'लीव्हिंग होम' ऐकताना तुम्ही का रडलात हे कुणी विचारत नाही. ती गिटार आहे. तिनं तुमचं नाव घेतलेलं नाही, तुमचा सातबारा मागितलेला नाही. घर सोडून चाकणला, वाळूजला कंपनीत गेलेली पोरं आमच्या गावात कमी नाहीत. त्यांना त्या गिटारीतलं किती कळतं हे शहरातल्या जाणकारांनी येऊन तपासावं.

मुलींचं तर विचारूच नका. पोरगा निदान मळ्यात जाऊन गाणं लावू शकतो. बारावीच्या मुलीच्या कानात इअरफोन दिसला की आईपासून चुलत्यापर्यंत प्रत्येकाला ती कुणाशी बोलते याचीच काळजी. ती गिटार ऐकत असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही. तिला तासभर एकटीला ऐकू देणं ही तिच्या शिकण्याइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे असं मी मानतो, आणि माझ्या घरात तसं पाळतो.

तासभर म्हणालो ते मुद्दाम. या अल्बमचं बळ तुकड्यात नाही. आज फोन काय करतो? तीस सेकंदांचा उकळता तुकडा उचलतो, खाली एखादा ट्रॅक्टर नाहीतर एखादा नेता चिकटवतो आणि पुढच्या रीलवर ढकलतो. ठाय लय कापून फक्त गजर दिला तर त्या गजरात काय राहील? रात्रभर चालत राजूरच्या गणपतीला अंगारकीला जाणारी पोरं आहेत ना, त्यांना दर्शन गोड लागतं त्यात पायांचाही वाटा असतो. 'कंदिसा'चंही तसंच. 'खजुराहो' लांबलचक आहे आणि ते लांबलचकच असायला हवं. सात गाणी एका दमात, मध्ये फोन न बघता, तासाच्या आत संपतात. आपण एवढा वेळ पारावर बसून दुसऱ्याच्या लेकराच्या लग्नाचा खर्च मोजण्यात घालवतो.

आणि डीजे. यावर मी दरवेळी बोलतो आणि दरवेळी शिव्या खातो, तरी बोलणार. ध्वनिप्रदूषणाचे नियम केंद्र सरकारनं केले २००० साली, 'कंदिसा' आला त्याच वर्षी. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. केदारखेड्यात काय, जिल्ह्यात कुठल्या मिरवणुकीनं हा आकडा पाळला? भिंतीएवढे स्पीकर लावतात, पत्रे थरथरतात, पाळण्यातलं लेकरू किंचाळतं, हृदयाचा पेशंट असलेला म्हातारा कानात कापूस कोंबून मागच्या खोलीत बसतो. पोरांची छाती धडधडते ती आवाजाच्या दाबानं, आणि त्यांना वाटतं की हाच आनंद. त्यांना दुसरा आनंद कुणी दाखवलाच नाही, म्हणून मी पोरांना दोष देत नाही. सुपारी देणाऱ्या, वर्गणीच्या यादीत पहिलं नाव लावणाऱ्या, स्वतःच्या वाढदिवसाला तीच भिंत बोलावणाऱ्या मोठ्यांना देतो. एका रात्रीच्या डीजेच्या पैशांत ग्रामपंचायतीच्या वाचनालयात एक बरा स्पीकर, चार हेडफोन आणि एक गिटार येते. तबला-पेटी तर भजनी मंडळाकडे आहेच.

ऐकायला मिळत नाही, ही सबबही आता चालणार नाही. या बँडनं २०१० साली '१६/३३० खजूर रोड' हा अल्बम केला तेव्हा दर महिन्याला एकेक गाणं इंटरनेटवर फुकट देऊन टाकलं. करोलबागेतल्या ज्या जुन्या घरात ते वर्षानुवर्षं सराव करत, त्या घराचा पत्ता हेच अल्बमचं नाव. गाणं ज्याला हवं त्यानं घ्यावं; दुकान नको, शहर नको. त्या अल्बममध्ये असीम चक्रवर्तींचा आवाज आहे, पण तो यायच्या आधीच, २५ डिसेंबर २००९ ला, ते गेले. तबला वाजवता वाजवता गाणारा असा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. २०१३ साली सुश्मित सेननीही बँड सोडला. बँड नव्या माणसांना घेऊन चालू आहे, 'माँ रेवा' अजून गातो. 'कंदिसा'मधले ते चौघे मात्र पुन्हा एका मंचावर यायचे नाहीत. त्यांनी मिळून 'कंदिसा'त जे केलं ते त्या सात गाण्यांत आहे, आणि ते केदारखेड्याला तेवढंच मिळतं जेवढं दिल्लीला.

गणपती आले की मंडळाची पोरं वर्गणीला येतील. "काका, यंदा किती लिहू?" म्हणतील. त्यांना मी आत बोलवणार, चहा देणार आणि विचारणार : दहा दिवसांतली एक संध्याकाळ देता का? शाळेच्या मैदानावर सतरंज्या टाकू, बाबांना पखवाज घेऊन पुढे बसवू, मुलींना आणि त्यांच्या आयांना मुद्दाम बोलावू, फोन एका टोपलीत ठेवू आणि 'कंदिसा' पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत वाजवू. आवाज ५५ च्या आत. हो म्हणाले तर डीजेला जेवढे देतात तेवढे मी एकटा देतो. नाही म्हणाले तर पावती पुस्तक तिथंच ठेवून घेईन आणि हेडफोन हातात देईन. 'माँ रेवा' ऐकून झालं की मग पुन्हा विचारेन.